आधी परतीचं बघा: आवडत्या बँडला पहिल्यांदा समोर ऐकायला जाताना

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. एवढ्या रात्री घरचा फोन म्हटल्यावर मी घाबरूनच उचलला. "मामा, मिळालं! तिकीट मिळालं!" सहावीपासून जो बँड तो हेडफोनमधून ऐकतोय, तो आता त्याच्यासमोर उभा राहून वाजवणार होता. मी विचारलं, "वा! परत कसा येणार आहेस?" पलीकडे दोन क्षण काहीच नाही. मग, "मामा, तू पण ना, अगदी आईसारखं बोलतोस."

बोलतो, कारण माझा पहिला मोठा शो मी असाच वाया घालवला. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. आयर्न मेडनच्या त्या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात होता. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला घेऊन फिरत होता, आणि आम्ही चार जण स्वारगेटहून एस.टी.ने निघालो होतो. जितकं जवळ तितकं भारी, या समजुतीने मी डावीकडच्या स्पीकरच्या भिंतीला जवळजवळ नाक लावून उभा राहिलो. ऐकू आला तो फक्त बेस ड्रम आणि शेजारच्याचं ओरडणं. ज्या गाण्यासाठी आठ वर्षं कॅसेट झिजवली, ते कुठलं चाललंय हे अर्धं गाणं झाल्यावर कळलं. शो संपला, गर्दीत चौघांची चार दिशांना फाटाफूट झाली, मोबाइल मेला, आणि मी पहाटेपर्यंत दादरच्या फुटपाथवर वडापावच्या गाडीच्या आधाराने बसून रात्र काढली. रविवारपर्यंत कुकरची शिट्टी नीट ऐकू येत नव्हती.

यात दोष कुणाचा नव्हता, सगळी अक्कल माझीच होती. तेव्हा भाच्याला जे सांगितलं, ते इथे जरा विस्ताराने.

परतीचा रस्ता

तिकीट घेण्याच्या आधी हे ठरवायचं. कारण घरी कसं पोचायचं ही काळजी डोक्यात असली की शेवटची तीन गाणी माणूस ऐकत नाही, घड्याळ बघतो. आणि बँड आपली सगळ्यात लाडकी गाणी नेमकी शेवटीच ठेवतात.

पुण्यातला शो असेल तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाहीत. वर्षातले फार तर १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्यातले बरेचसे आपल्याकडे गणपती आणि नवरात्र खातात. याच नियमाने सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभर चालणाऱ्या मैफली संपवल्या. पहाटेचा भैरव ऐकून घरी येणारी पिढी अजून त्याबद्दल हळहळते. रॉकवाल्यांनी त्यातून एवढंच घ्यायचं: मैदानावरचा शो दहाच्या आत संपणार, म्हणजे मुख्य बँड आठ-सव्वाआठलाच उभा राहणार. "मोठे कलाकार काय, उशिराच येतात" असं म्हणत नऊला पोचलात तर निम्मं गेलं. बंद सभागृहात किंवा पबमध्ये वेळापत्रक वेगळं असतं, ते आयोजकांच्या पानावर बघा.

मेट्रोने सध्या बरंच सोपं केलंय. खराडीच्या महालक्ष्मी लॉन्सकडे जाताना रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा. बिबवेवाडीच्या यश लॉन्सला, जिथून एड शीरनने ३० जानेवारी २०२५ला आपला भारतदौरा सुरू केला, स्वारगेटपर्यंत मेट्रो. शेवटची गाडी रात्री अकराच्या सुमारास असते, पण त्या दिवशीची वेळ ॲपवर बघूनच निघा. गहुंज्याच्या स्टेडियमला मेट्रो नाही, आणि शो सुटल्यावर तिथे रिक्षा मिळेल या भरवशावर राहायचं नाही. चार-पाच जणांत एक गाडी ठरवा.

दुचाकीने जाणार असाल तर दारापाशी लावू नका. दहा-पंधरा मिनिटं चालावं लागेल एवढ्या अंतरावर, तोंड रस्त्याकडे करून लावा आणि शेजारच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढा. दाराजवळ लावलेल्या गाड्या सगळ्यात शेवटी निघतात. दहा हजार लोक एकाच गेटातून बाहेर पडतात तेव्हा चालणारा जिंकतो.

मोठे परदेशी बँड मात्र अजून बहुतेक मुंबईलाच येतात. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम (यू-टू डिसेंबर २०१९मध्ये तिथेच वाजले, कोल्डप्ले जानेवारी २०२५मध्ये) आपल्याला खरं तर सोयीचं आहे, कारण ते सायन-पनवेल महामार्गाला लागूनच आहे. पुण्याच्या बस त्याच रस्त्याने येतात. रात्रीच्या बसचं आरक्षण दादरहून न करता नेरूळ किंवा कळंबोली पिकअप टाकून करा, आणि शो संपण्याच्या वेळेत किमान दीड तासाची भर घाला. महालक्ष्मी रेसकोर्सवरचा शो असेल (गन्स अँड रोझेस मे २०२५मध्ये तिथे वाजले) तर लोकलने दादर, तिथून रात्रीची बस. हे जमणार नसेल तर मुंबईत नातेवाईक शोधा. प्रत्येक पुणेकराचा एक तरी मावसभाऊ डोंबिवलीत असतोच. तिथे झोपा, आणि पहाटे कल्याणहून इंद्रायणी पकडा. वाहन स्वतःचं असेल तर चालवणारा माणूस दारू पिणारा नको आणि आदल्या रात्री नीट झोपलेला हवा. पहाटे दोनला बोरघाटात डुलकी म्हणजे थट्टा नाही.

तिकीट

विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ॲपमध्ये लॉगिन करून ठेवा, नाव-पत्ता-कार्ड भरून ठेवा, यूपीआयची दिवसाची मर्यादा तपासा. दोन-तीन मित्रांनी वेगवेगळ्या फोनवरून बसायचं, पण ज्याचा नंबर आधी लागेल त्याने सगळ्यांची काढायची हे आधी ठरलेलं हवं. नाहीतर एकाच वेळी बारा तिकिटं निघतात. २२ सप्टेंबर २०२४ला कोल्डप्लेच्या विक्रीत लोकांना रांगेत लाखांतले नंबर मिळाले होते. पण त्याच दिवशी १८ आणि १९ जानेवारीला जोडून २१चा तिसरा शो जाहीर झाला, पुढे अहमदाबादचे दोन आले. म्हणून पहिल्या तासात नाही मिळालं तर लगेच काळ्या बाजाराकडे वळू नका. आठवडाभर थांबा. शोच्या आधीच्या तीन-चार दिवसांतही लोकांचे बेत फिस्कटतात आणि रास्त भावात तिकिटं निघतात.

दुसऱ्याकडून घेताना एकच नियम पाळा: ॲपमधून ॲपमध्ये तिकीट तुमच्या नावावर येत असेल तरच पैसे द्या. पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट नको. क्यूआर कोड गेटवर एकदाच चालतो, आणि तोच स्क्रीनशॉट सात जणांना विकता येतो. माझा एक मित्र त्या सातातला चौथा होता.

कुठल्या वर्गाचं घ्यायचं? स्टेजलगतच्या महागड्या भागासाठी पहिल्याच वेळी पैसे मोडू नयेत असं माझं मत आहे. कारण पुढे येईलच. स्टेडियममध्ये बसून बघणार असाल तर समोरच्या स्टँडमधलं वरचं तिकीट बाजूच्या स्टँडमधल्या खालच्या तिकिटापेक्षा बरं. स्टेजला अगदी काटकोनात असलेल्या जागा टाळा, तिथून स्पीकरची पाठ आणि गायकाचा कान दिसतो. उंची कमी असेल, गुडघे कुरकुरत असतील, सोबत आई-बाबा असतील, तर बिनधास्त बसायचं तिकीट घ्या. रॉक उभ्यानेच ऐकायचा असा काही शास्त्रार्थ नाही.

आणि प्रवासाची बुकिंग शक्यतो रद्द करता येतील अशीच करा. २०११च्या ऑक्टोबरमध्ये मेटालिकाचा गुडगावचा शो ऐन वेळी रद्द झाला, लोक मैदानात पोचल्यावर. दोनच दिवसांनी बंगळूरूचा मात्र झाला. तिकिटाचे पैसे परत मिळतात, विमानाचे कोण देतो?

गाणी पुन्हा ऐकणं

हा टप्पा सगळे गाळतात, कारण "मला सगळी पाठ आहेत". रेकॉर्डिंग पाठ असतं. स्टेजवरचं गाणं ही निराळी वस्तू आहे. स्टुडिओत एकच गिटारवादक स्वतःवर तीन-चार थर चढवतो, स्टेजवर त्याला दोनच हात असतात. लय बहुतेक वेळा थोडी चढी असते. गायकाचं वय झालं असेल तर अख्खा बँड अर्धा सूर खाली लावून वाजवतो, म्हणजे आपल्या भाषेत काळी एकचं गाणं पांढरी एकमधून. आणि ध्रुवपदाची सर्वांत उंच ओळ तो लोकांना गायला लावतो. लोकांना वाटतं प्रेम आहे. प्रेम असतंच, पण त्यात घसा वाचवण्याचाही भाग असतो.

तर शोच्या तीन आठवडे आधी त्या बँडचे अलीकडचे लाइव्ह अल्बम, अलीकडच्या शोची ध्वनिमुद्रणं ऐका. वीस वर्षांपूर्वीची नको. सेटलिस्ट-डॉट-एफएमवर आदल्या शोमध्ये काय वाजलं याची यादी मिळते. आयर्न मेडनसारखे बँड अख्ख्या दौऱ्यात जवळजवळ तीच यादी ठेवतात, त्यांची यादी बघितली की सगळं कळून जातं. पर्ल जॅमसारखे रोज बदलतात, तिथे यादीचा उपयोग अंदाजापुरताच. यादी बघावी की नाही? मला वाटतं, पहिल्या वेळी बघावी. कुठलं गाणं येणारच नाही हे आधी कळलं की त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसत नाही माणूस, आणि पाणी प्यायला कधी जायचं तेही ठरतं. ज्यांना पहिल्या सुराला अंगावर काटा हवाय त्यांनी बघू नये. दोन्ही बाजू मला पटतात.

आधी वाजवणाऱ्या छोट्या बँडची दोन-चार गाणीही ऐकून जा. रिकाम्या मैदानासमोर जीव तोडून वाजवणाऱ्यांना चार ओळखीचे चेहरे दिसले तर बरं असतं.

आणखी एक. मोठ्या शोच्या महिनाभर आधी पुण्यातच एखादा गिग, म्हणजे छोटा कार्यक्रम, ऐकून या. या गावाला सवय आहे. एनएच-सेव्हन वीकेंडर हा महोत्सव २०१०मध्ये इथूनच सुरू झाला, अग्नीसारखा बँड इथला. कोरेगाव पार्क ते बाणेर कुठे ना कुठे शनिवारी काही वाजत असतं. कॉलेजांच्या गॅदरिंगलाही बऱ्यापैकी बँड येतात. शंभर लोकांत उभं राहून तुमच्या कानाला, पायाला आणि पोटाला काय होतं ते कळतं. जिथे दारू मिळते तिथे बऱ्याचदा २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो, तेव्हा आधी विचारा आणि ओळखपत्र ठेवा.

कान

यावर मी जरा लांबण लावणार आहे.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबलचं गणित सरळ नाही. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेचं माप असं: ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ला चार तास, ९१ला दोन. असं करत १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. रॉक शो सहज शंभरच्या आसपास जातो आणि दोन तास चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली, आणि प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत असं सांगितलं. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६मध्ये डॉक्टरांनी दौरा थांबवायला सांगितलं, नाहीतर पूर्ण बहिरेपण येईल म्हणून. ढोल-ताशा पथकातली मुलं हे वाचत असतील तर त्यांनाही हेच लागू.

माझी आई म्हणते, "कानात कापसाचे बोळे घाल." आईंचं बाकी सगळं ऐकावं, हे नाही. कापूस जवळजवळ काहीच अडवत नाही. औषधाच्या दुकानात पिवळ्या-केशरी फोमचे इअरप्लग मिळतात, अगदी स्वस्त. ते आवाज चांगला कमी करतात, पण वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे झांजा आणि शब्द गोधडीखालून आल्यासारखे वाटतात. संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग येतात, आत छोटी चाळणी असते. ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात, १५ ते २० डेसिबलने. ऑनलाइन मिळतात. तिकिटावर जेवढा खर्च केलात त्याच्या मानाने किरकोळ, आणि वर्षानुवर्षं चालतात. माझ्या मते तिकिटानंतरची पहिली खरेदी हीच.

फोमचे घालायची रीत आहे, आणि ती न पाळल्याने लोक "काही उपयोग नाही" म्हणून काढून टाकतात. बोटांनी वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे वाट सरळ होते. आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की बरोबर बसला. आदल्या दिवशी घरी मिक्सर लावून सराव करा. शोमध्ये पहिली दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटेल, मग मेंदू जुळवून घेतो, आणि गंमत म्हणजे शब्द जास्त स्पष्ट कळतात, कारण कान भरून गेलेला नसतो. लहान मूल नेत असाल तर त्याला कानावरून घालायचे मोठे मफच हवेत.

शोनंतर कान गुणगुणले तर सहसा दिवस-दोन दिवसांत शांत होतं. त्यापुढे राहिलं तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी, वाट बघत बसू नका.

त्या दिवशी

सवाईला जाताना आमच्या घरून चटई, थर्मास, डबा, शाल, शेंगदाण्याची पुडी असा संसार निघायचा. इथे यातलं काहीही आत नेऊ देत नाहीत. बाटली, छत्री, मोठी बॅग, बाहेरचं खाणं, अत्तराची बाटली, लायटर, मोठा कॅमेरा, सगळं गेटवर काढतात आणि परत मिळेलच असं नाही. पॉवर बँक कधी चालते, कधी नाही, यादी वाचा. म्हणून दुपारी तीन-चारला घरीच नीट जेवून घ्या. पोळीभाजी-वरणभात, तळकट नको. आत मिळणारं महाग असतं आणि रांग लांब असते. पाणी दिवसभर पीत राहा. रोजचं औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

पायात बंद बूट, तेही जुने. नवे बूट घालून पाच तास उभं राहणाऱ्याला मी रडताना बघितलंय. सँडल अजिबात नको, अंधारात दहा जण पायावर नाचतात. पुण्यात मोठे शो बहुतेक थंडीत होतात. दुपारी घाम आणि साडेआठनंतर लॉनवर दव, असं विचित्र हवामान असतं. पातळ स्वेटर कमरेला बांधा. मुंबईला मात्र स्वेटर नेऊ नका, हसतील.

फोन पूर्ण चार्ज करून न्या. आत नेटवर्क कोलमडतं, त्यामुळे तिकीट आधीच उतरवून ठेवा, यूपीआयच्या भरवशावर न राहता पाचशे रुपये सुटे ठेवा, आणि हरवलो तर कुठे भेटायचं ती जागा ठरवा. "गेटपाशी" ही जागा नव्हे. "गेट क्रमांक दोनच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर, शो संपल्यावर अर्ध्या तासाने" ही जागा. घरी कोणाला तरी बसचा नंबर देऊन ठेवा.

उभं कुठे राहायचं

आता माझ्या २००८च्या मूर्खपणाकडे येतो.

मैदानाच्या मध्यावर, स्टेजपासून बरंच मागे, एक कुंपण घातलेला मंडप असतो. त्यात आवाज जुळवायचा मोठा मिक्सर आणि दोन-तीन गंभीर चेहऱ्यांची माणसं. लोक त्याला "काय अडवून बसलेत" म्हणून शिव्या घालतात. पण अख्ख्या शोचा आवाज त्या मिक्सरवरच्या माणसाच्या कानाला चांगला वाटेल असा लावलेला असतो. म्हणून त्याच्या अगदी जवळ, थोडं पुढे, मधल्या रेषेच्या जरा बाजूला उभे राहा. तिथे तुम्ही तेच ऐकता जे तो ऐकतो. वर मंडपाच्या कठड्याला टेकता येतं, मागून कोणी ढकलत नाही, आणि त्याच्या समोर सहसा कोणी खांद्यावर चढत नाही.

अगदी पुढच्या रांगेत काय होतं? मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा झोत तुमच्या डोक्यावरून मागे जातो. पुढच्यांसाठी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवतात, पण तुम्हाला जास्त ऐकू येतात ते थेट ड्रम आणि गिटारवादकाचा ॲम्प, म्हणजे त्याची स्वतःची स्पीकरची पेटी. गायकाचे ओठ दिसतात, शब्द हरवतात. आणि जमिनीवरच्या सबवूफरसमोर, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरसमोर, उभे राहिलात तर बरगड्या वाजतात. पुढे जाण्याची मजा वेगळी आहे, नाकारत नाही: घाम दिसतो, नजरानजर होते, गिटारवादकाने तारा छेडायचा पिक फेकला तर हाती येतो. पण ते बघणं झालं. पहिल्या वेळी ऐका.

फार मागे गेलात तर वेगळीच गंमत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर मागे तो जवळजवळ पाव-एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो, म्हणून पडद्यावर काठी आधी पडते आणि ठोका नंतर येतो. मोठ्या मैदानांत मध्येच उंच खांबांवर जादा स्पीकर लावतात, आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे पुढचा-मागचा आवाज एकत्र येतो. मागे राहावं लागलं तर अशा खांबाच्या समोर राहा, त्याच्या मागे नाही.

पुढेच जायचं असेल तर एक तडजोड आहे. आधीच्या बँडच्या वेळी पुढे उभे राहा, मुख्य बँडची पहिली तीन गाणी तिथेच ऐका (बहुतेकांची उधळण त्याच वेळात होते), आणि मग शांतपणे मागे सरका. उलट्या दिशेने, म्हणजे मागून पुढे घुसणं, हे मात्र करू नका.

गर्दी

मध्येच एक रिंगण मोकळं होतं आणि पोरं एकमेकांना धडका देऊ लागतात, त्याला पिट म्हणतात. लांबून मारामारी वाटते, पण त्याचे नियम असतात. पडलेल्याला सगळ्यांनी मिळून लगेच उचलायचं. कोपर खांद्याच्या वर नाही. ज्याला यायचं नाही त्याला ओढायचं नाही. बाईमाणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि कोणी लावला तर आजूबाजूच्यांनीच त्याला बाहेर काढायचं. चष्मा, कानातलं, गळ्यातली साखळी आधीच काढून ठेवा. रिंगण नको असेल तर चार पावलं बाजूला व्हा, तेवढं पुरतं.

पिटपेक्षा खरा धोका रेटारेटीचा. ३ डिसेंबर १९७९ला सिनसिनाटीत द हू या बँडच्या शोच्या दारातच ११ माणसं गेली, शो सुरू होण्याआधीच. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३मध्ये कोचीच्या विद्यापीठात पाऊस आला म्हणून बाहेरची गर्दी एकदम आत घुसली आणि चौघे गेले. म्हणजे बहुतेक वेळा हे घडतं ते दारात आणि पायऱ्यांवर. लक्ष्मी रोडची विसर्जनाची गर्दी ज्याने अनुभवली आहे त्याला ती जाणीव ओळखीची असेल: आपण चालत नाही, आपल्याला नेलं जातंय. दोन्ही बाजूंनी अंगाला अंग लागलं, हात वर काढता येईना, की गाणं कितीही आवडतं असलं तरी निघायचं. बॉक्सरसारखे हात छातीपुढे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेच्या विरुद्ध ढकलू नका. ती ओसरते तेव्हा तिरकं, बाजूकडे सरका. काही पडलं तर वाकू नका, फोन असला तरी. आत शिरल्या शिरल्या आलेल्या दाराखेरीज दुसरं दार कुठे आहे ते बघून ठेवा.

फोनवर चित्रण करण्याबद्दल थोडक्यात: एक गाणं करा, अर्धंच. फोनचा माइक त्या आवाजाला फाटतोच, घरी येऊन कोणी ते बघत नाही, आणि मागच्या माणसाला दोन तास तुमच्या कोपराआडून बँड बघावा लागतो.

दिवे लागल्यावर

बँड "गुड नाइट" म्हणून आत गेला की निघू नका. तो परत येणार असतो, हे त्यालाही माहीत असतं आणि तुम्हालाही. मैदानाचे मोठे दिवे लागले आणि स्टेजवर माणसं वायरी गुंडाळू लागली, म्हणजे खरंच संपलं. मग वीस मिनिटं जागेवरच बसा. गर्दी विरळ होऊ द्या. पाणी प्या, लघवीला जाऊन या. ठरलेल्या टपरीवर पोचा, सगळे आले का मोजा, मगच निघा. बसमध्ये चढल्यावर हेडफोन लावू नका, कानाला त्या रात्री आराम द्या. वाकडला उतराल तेव्हा तीन वाजले असतील. पुलाखाली चहा मिळतो.

भाच्याचं आता ठरलंय: नेरूळ पिकअप, खिडकीची सीट. इअरप्लग मीच दिले. फक्त टी-शर्टवर आमचं जमलेलं नाही. तो म्हणतो आत गेल्या गेल्या घ्यायचा, कारण मापं संपतात. हे खरं आहे, पण मग दोन तास तो हातात धरून बसावं लागतं. मी म्हणालो, अंगातल्या शर्टावरच चढव. आणि घरी आल्यावर पहिल्या धुण्यात उलटा करून, गार पाण्यात, एकटाच. ताईला हे आधी सांगून ठेव, नाहीतर ती तो चादरींबरोबर मशिनला लावेल.